‘फर्म्ली’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उपयोग

(ज्युबिली महोत्सवानिमित्त चिखलदरा येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली समितीनें मला ‘दोन शब्द’ बोलण्याची आज्ञा केली. त्यांतला एक शब्द मी वांचविणार आहें. कारण माझें सारें भाषण एकाच शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे इंग्रजी भाषेंतील ‘फर्म्ली’ हें क्रियाविशेषण. आपणांपैकीं बहुतेकांनीं तो शाळेंत पाठ केला असेल, आणि त्याचा अर्थ आपणांस ठाऊक आहे अशी आपली समजूतहि असेल. ती समजूत पारखून पाहावी, एवढाच आजचा हेतु.

चिखलदऱ्यास येऊन दृढतेवर बोलणें हें थोडें धाडसाचेंच काम आहे. गांवाच्या नांवांतच चिखल, आणि चिखलांत पाय रोवून उभें राहणें कोणास साधलें आहे? सुदैवानें लोककथा सांगते कीं, या नांवाचा संबंध चिखलाशीं नसून कीचकाशीं आहे. भीमानें कीचकाचा वध करून त्यास ज्या दरींत लोटलें तो हा कीचकदरा. शिवाय आपल्या पायांखालचा काळा पाषाण पुरातन काळीं वाहिलेल्या लाव्हारसाचा थिजून झालेला आहे, आणि घाट उतरून गेल्यावर जें मोठें गांव लागतें त्याचें नांव अचलपूर, म्हणजे न हलणारें नगर. तेव्हां वर चिखल असला तरी खालीं पाषाण आहे, एवढ्या भरंवशावर मी पुढें जातों.

असला विषय व्याकरणाच्या तासाला शोभेल, ज्युबिलीच्या मंडपांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास माझें उत्तर असें. मेळघाटांतील कित्येक मुलें घरीं कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा शाखेची, ऑस्ट्रो-आशियाई कुळांतील, अगदीं निराळ्या घराण्याची भाषा आहे. त्या मुलांस मराठी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा. तिसऱ्या भाषेचा शब्द दुसऱ्या भाषेंतून समजून घेणाऱ्या मुलास आपण चुकीचा प्रतिशब्द दिला, तर तें दोनदां वाट चुकतें. ‘फर्म्ली’ म्हणजे ‘कडकपणें’ असें लिहून देण्याची रीत वर्गांत पुष्कळ आढळते. तेंच मूल मोठें होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक हातीं घेतें, आणि श्रद्धेच्या प्रार्थनेंत हाच शब्द त्यास भेटतो. मग देवावर ‘कडकपणें’ श्रद्धा ठेवावयाची असते, असें त्यास वाटलें तर दोष कोणाचा? आणि मोठ्यांचें काय? कडकपणा म्हणजेच दृढता असें मानून घरांत, शाळेंत आणि धर्मग्रामांत वागणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. शब्दाची चूक वहींतच राहिली असती तर मी आपला वेळ घेतला नसता.

आतां उदाहरणें पाहूं. बरणीचें झांकण ‘फर्म्ली’ लावा, असें इंग्रजींत म्हणतात. मराठींत आपण ‘घट्ट लावा’ म्हणतों. मांडवाचा खांब ‘फर्म्ली’ रोवला, तर आपण ‘पक्का रोवला’ म्हणूं. पक्का म्हणजे मुळांत पक्व, पिकलेला, भाजलेला; कच्ची वीट पावसानें विरते, पक्की टिकते. आईनें मुलास ‘फर्म्ली’ नाहीं म्हटलें, तर तें ‘निक्षून’ सांगितलें. एखाद्यानें लांच घेण्यास ‘फर्म्ली’ नकार दिला, तर तो ‘ठाम’ नकार. संकटांत एक कुटुंब ‘फर्म्ली’ उभें राहिलें, तर तें ‘खंबीरपणें’ उभें राहिलें. एखादी संस्था नव्या गांवीं ‘फर्म्ली’ स्थापन झाली, तर तिनें तेथें ‘मूळ धरलें’. आणि एखादी गोष्ट आपण ‘फर्म्ली’ मानतों, तर ती आपली ‘दृढ’ श्रद्धा होय.

एका इंग्रजी शब्दास येथें मराठीचे सात पोशाख लागले. यावरून मराठी गोंधळलेली आहे असें कोणी समजूं नये. वस्तु, वचन, वर्तन आणि विश्वास यांची दृढता एकाच प्रकारची नसते, हें आपल्या भाषेनें ओळखलें आहे, इतकेंच. म्हणून भाषांतर करणाऱ्यानें आधीं विचारावें, येथें काय धरलें आहे? मग विचारावें, तें कशास धरून आहे? झांकण बरणीच्या कांठास धरून असतें, खांब जमिनीस, नकार विवेकास, श्रद्धा देवाच्या वचनास. या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं योग्य प्रतिशब्द आपोआप जिभेवर येतो.

एक उदाहरण मीं मुद्दाम मागें ठेविलें होतें. प्रथमोपचाराच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, रक्त वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ फडकें ठेवून तें ‘फर्म्ली’ दाबून धरावें. येथें ‘जोरानें’ असें भाषांतर केलें तर अर्धाच अर्थ साधतो. दाब पुरेसा हवा हें खरें. परंतु तो सारखा हवा आणि मध्येंच सुटतां कामा नये. रक्त थांबलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जो घडोघडी हात उचलतो, त्याचा हात कितीहि बळकट असला तरी तो ‘फर्म्ली’ दाबीत नाहीं. मला वाटतें, या शब्दाचा सारा अर्थ या एका हातांत आहे. जोर, सातत्य, आणि दुसऱ्याचा जीव वांचविण्याचा हेतु, हीं तिन्ही तेथें एकत्र आलेलीं असतात.

आतां या शब्दाच्या शेजाऱ्यांची ओळख करून घेऊं. कारण शब्दाची सीमा शेजाऱ्यावरून कळते. ‘स्ट्रिक्टली’ म्हणजे नियमाबरहुकूम, कडक शिस्तीनें. तेथें लक्ष नियमाकडे असतें. ‘रिजिड्ली’ म्हणजे ताठरपणें. ज्यास वांकतां येत नाहीं तें ताठर. ‘ऑब्स्टिनेट्ली’ म्हणजे हट्टानें, हेका धरून. ‘स्टेडफास्ट्ली’ हा मात्र ‘फर्म्ली’चा सख्खा भाऊ, अढळपणें, दीर्घकाळ जागचें न हलतां, असा त्याचा भाव आहे. ‘फर्म्ली’ एका क्षणाचेंहि असूं शकतें, ‘स्टेडफास्ट्ली’स वर्षें लागतात. झांकण ‘फर्म्ली’ लावतां येतें, ‘स्टेडफास्ट्ली’ लावतां येत नाहीं.

‘फास्ट’ या शब्दानें तर विद्यार्थ्यांची फारच फजिती होते. फास्ट म्हणजे जलद, एवढेंच त्यांस ठाऊक. मग कपड्याचा रंग ‘फास्ट’ आहे म्हणजे तो लवकर जातो असें त्यांस वाटतें; खरा अर्थ अगदीं उलट, तो रंग पक्का आहे, जात नाहीं. गाढ झोपलेल्या माणसासहि इंग्रजींत ‘फास्ट’ झोपलेला म्हणतात, म्हणजे झोपेनें त्यास घट्ट धरलें आहे. या शब्दाचा जुना अर्थ पक्का, घट्ट असाच होता. जलद हा अर्थ पुढें जडला. उपवासास इंग्रजींत ‘फास्ट’ म्हणतात तोहि याच कुळांतला; नेम घट्ट धरणें, पाळणें, या अर्थावरून तो आला. उपवासकाळांत आपण अन्न सोडतों हें सर्वांस दिसतें. आपण कांहींतरी धरून असतों, हें त्या शब्दानें जपून ठेविलें आहे.

हट्ट आणि दृढता यांतील भेद मात्र शब्दकोशानें सुटत नाहीं. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानें १९४८ सालीं ब्रिटिश नभोवाणीवर यावर मोठी मार्मिक थट्टा केली होती. त्यांनीं एका गुणाचें तीन पुरुषीं रूप चालवून दाखविलें. मी असतों तेव्हां तो गुण दृढता ठरतो, समोरचा तसाच वागला तर हट्टी ठरतो, आणि पाठीमागें ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो तर डुकरासारखा अडेल मूर्ख! सभागृह हंसलें असेल. पण आपण आपल्या घरांतील भांडणें आठवावीं. सासू ठाम असते, सून हेकट असते. आणि सुनेच्या माहेरीं हींच विशेषणें जागा बदलतात.

आपल्या शेजारचा गाविलगडहि हेंच सांगतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवच्या लढाईंत नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला, आणि त्यानंतर इंग्रजी सैन्य या गडावर चालून आलें. सेनापति आर्थर वेलस्ली, जे पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. गडाचा किल्लेदार बेनीसिंग. १५ डिसेंबर १८०३ रोजीं तोफांनीं पाडलेल्या खिंडारांतून इंग्रज फौज बाहेरच्या कोटांत शिरली. आंतल्या कोटास शिड्या लावून एक तुकडी चढली आणि तिनें आंतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढतां लढतां पडला. १७ डिसेंबरला देवगांवचा तह झाला आणि भोसल्यांस गाविलगडाभोंवतालच्या मुलुखावांचून बरेंच कांहीं गमवावें लागलें. आतां सांगा, बेनीसिंगानें गड कसा लढविला? इंग्रजी बखरकार म्हणेल, हट्टानें. आपण म्हणूं, खंबीरपणें. कृति एक, क्रियाविशेषणें दोन! म्हणून ‘फर्म्ली’ हा शब्द वापरतांना तो घटना सांगतो कीं आपली बाजू सांगतो, हें तपासावें. माझ्यापुरती मीं एक कसोटी ठरविली आहे. दुसऱ्याचें ऐकून घेऊनहि जो जागचा हलत नाहीं तो दृढ. हलावें लागेल या भीतीनें जो ऐकतच नाहीं तो हट्टी.

आतां मुळाकडे वळूं. ‘फर्म्ली’ आला ‘फर्म’ या विशेषणावरून, आणि तें आलें लॅटिनच्या ‘फिर्मुस’ या शब्दावरून. संस्कृतांत जेथें ‘ध’ आहे तेथें लॅटिनमध्यें शब्दारंभीं पुष्कळदां ‘फ’ येतो. संस्कृतांत ‘धूम’, तर लॅटिनमध्यें धुरास ‘फूमुस’. हाच नियम ‘फिर्मुस’ला लावून भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें संस्कृतांतील ‘धृ’ या धातूशीं जोडतात. धृ म्हणजे धरणें, धारण करणें. आणि या धातूपासून आपल्याकडे कोणते शब्द झाले? धृति, धैर्य, धारणा, आणि धर्म! जो धारण करतो तो धर्म, ही व्युत्पत्ति आपण लहानपणापासून ऐकत आलों. इंग्रजांचा ‘फर्म’ आणि आपला ‘धर्म’ हे फार जुन्या काळीं ताटातूट झालेले भाऊ आहेत, हें ऐकून मला तरी आनंद झाला. फर्मानाशीं मात्र त्याचें कांहीं नातें नाहीं. फर्मान हा फारसी शब्द, त्याचें मूळ निराळें, केवळ आवाज जुळतो. हुकूम सोडणें आणि दृढ असणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें भाषेच्या इतिहासानेंहि सांगून ठेविलें आहे!

‘स्टेडफास्ट’मधील ‘स्टेड’ म्हणजे जागा, ठिकाण. तो शब्द संस्कृत ‘स्थिति’चा नातलग, म्हणजे ‘स्था’ धातूच्या घरचा. आणि आपले ‘ठाव’ व ‘ठाम’ हे शब्दहि त्याच घरचे. ज्याचा ठाव पक्का तो ठाम. राहिला ‘दृढ’. हें व्याकरणदृष्ट्या भूतकालवाचक धातुसाधित आहे, म्हणजे ‘बळकट झालेला, बळकट केलेला’. दृढ माणूस जन्मतःच तसा असतो असें हा शब्द म्हणत नाहीं. त्यास कोणीतरी, कशानेंतरी, दृढ केलेलें असतें.

ख्रिस्तसभेनें हें केव्हांच ओळखलें. तिसरे इनोसंट हे परमगुरु असतांना १२१५ सालीं लॅटरन येथें चौथी महासभा भरली. तिच्या ठरावांतील पहिलें प्रकरण म्हणजे श्रद्धेची घोषणा. ती लॅटिनमधील ‘फिर्मितेर’ या शब्दानें सुरू होते, आणि त्याच नांवानें ती ओळखली जाते. ‘फिर्मितेर’ म्हणजेच ‘फर्म्ली’! आपल्या क्रियाविशेषणास याहून मोठा मान कोठें मिळाला असेल असें वाटत नाहीं. ज्या संस्कारास इंग्रजींत ‘कन्फर्मेशन’ म्हणतात, त्यांतहि हाच ‘फर्म’ आहे, आणि मराठींत त्यास ‘दृढीकरण’ हें सार्थ नांव मिळालें. येथेंहि दृढ होणारा निराळा आणि करणारा निराळा. उलट बाजूस ‘इन्फर्म’ म्हणजे जो दृढ नाहीं तो, दुर्बळ, आजारी. रुग्णांच्या तैलाभ्यंगाच्या लॅटिन नांवांत हाच शब्द आहे. एकाच मुळावरून निघालेले हे दोन शब्द पाहिले म्हणजे ध्यानांत येतें कीं, दृढ झालेल्यांबरोबर डळमळणाऱ्यांचीहि जागा त्याच मंडपांत आहे.

पश्चात्तापाच्या इंग्रजी प्रार्थनेंतहि ‘फर्म्ली’ येतो. पुन्हा पाप न करण्याचा संकल्प तेथें दृढपणें करावयाचा असतो. पुष्कळ भाविक या जागीं अडखळतात. ‘उद्यां पुन्हा पडणारच, मग दृढपणें कसें म्हणूं?’ अशी त्यांची शंका. भाषेच्या अंगानें तिचें उत्तर देतां येतें. तो शब्द संकल्पाचें विशेषण आहे, उद्यांच्या घटनेचें भाकीत नव्हे. शिवाय ती प्रार्थना त्याच वाक्यांत देवाच्या कृपेचें साहाय्य मागते. म्हणजे संकल्प कशास धरून आहे हेंहि तेथेंच सांगितलेलें असतें. जखमेवर हात ठेवणारा मनुष्य रक्त थांबेलच अशी हमी देत नाहीं. तो हात काढीत नाहीं, एवढेंच. पुन्हा पुन्हा संकल्प करणें म्हणजे खुंटा हलवून बळकट करणें होय, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां शेवटचा शब्द, आणि तो इंग्रजी नाहीं, लॅटिन नाहीं, मराठीहि नाहीं. तरी तो आपण रोज उच्चारतों. ‘आमेन’. हा इब्री शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थच मुळीं दृढ असणें, भरंवशाचें असणें. जगांतील बहुतेक भाषांनीं तो भाषांतर न करतां जसाच्या तसा ठेविला. कोरकू घरांतील मूल आणि नागपूरचा वकील, दोघेहि तोच शब्द म्हणतात. यशया संदेष्ट्यानें आहाज राजास बोध करतांना याच धातूचीं दोन रूपें शेजारीं शेजारीं ठेविलीं. एकाचा अर्थ विश्वास ठेवणें, दुसऱ्याचा टिकून राहणें. त्या भाषेंत या दोन गोष्टी एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत.

याच धातूपासून ‘एमुना’ हें नाम झालें. पुढें त्याचा अर्थ निष्ठा, श्रद्धा असा रूढ आहे. निर्गमाच्या पुस्तकांत सतराव्या अध्यायांत हा शब्द येतो तो मात्र श्रद्धेविषयीं नव्हे, हातांविषयीं. अमालेकी लोकांशीं रफीदीम येथें लढाई चालली आहे. मोशे टेंकडीवर उभा आहे. त्याचे हात वर असतात तोंवर इस्राएलांची सरशी होते, खालीं येतात तेव्हां शत्रूची. हात जड होऊं लागतात. मग त्याच्याखालीं एक दगड ठेवतात, तो त्यावर बसतो, आणि अहरोन एका बाजूनें व हूर दुसऱ्या बाजूनें त्याचे हात उचलून धरतात. अशा रीतीनें सूर्यास्तापर्यंत त्याचे हात ‘एमुना’ राहिले, स्थिर राहिले.

बंधुभगिनींनो, ‘फर्म्ली’ या शब्दाचा मला समजलेला पूर्ण अर्थ या टेंकडीवर आहे. मोशेचे हात लोखंडाचे नव्हते, ते थकले. तरी त्यांस दृढ म्हटलें आहे, कारण खालीं दगड होता आणि दोन्ही बाजूंस माणसें होतीं. कोणताहि धर्मग्राम ज्युबिलीपर्यंत पोंचतो तो याच रीतीनें. कोणी पावसांत मुलांस शाळेंत पोंचविलें, कोणी आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढली, कोणी कर्ज झालेल्या शेजाऱ्यास पेरणीपुरतें बीं दिलें. त्यांचीं नांवें या स्मरणिकेंत छापलेलीं असोत वा नसोत, ज्यांचे हात तेव्हां थकले होते त्यांस तीं पाठ आहेत.

म्हणून शिक्षकांस माझी विनंति कीं, ‘फर्म्ली’ म्हणजे ‘कडकपणें’ हा प्रतिशब्द वहींतून खोडावा, आणि मुलांस प्रश्न विचारावा, काय धरलें आहे आणि कशास धरून? आईबापांस विनंति कीं, मुलास नाहीं म्हणावयाचें झाल्यास निक्षून म्हणावें, पण आवाज न चढवितां; त्यास भाषा आणि शिस्त दोन्ही कळतील. आणि आपणां सर्वांस विनंति कीं, पुढील रविवारीं ‘आमेन’ म्हणतांना तो शब्द ओठांवरून घसरूं देऊं नये. शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचे हात थकले आहेत कीं काय, हेंहि त्या वेळीं पाहावें.